प्रेअरीचा गहू : बियाणे कुणाचे, खर्च कुणाचा?

२०१४ साली कॅनडातील विनिपेग शहरामधले सरकारी धान्य संशोधन केंद्र बंद झाले. निर्णय दोन वर्षे आधीच, २०१२ च्या सरकारी काटकसरीत झाला होता. तेथील कामाचा काही भाग मॅनिटोबा प्रांतातल्याच ब्रँडन आणि मॉर्डेन या ठिकाणी हलविण्यात आला. सरकारी कचेऱ्या हलतात, विलीन होतात, त्यांच्या पाट्या बदलतात. त्यात दर वेळी हळहळण्याजोगे काही असतेच असे नाही. परंतु या केंद्राचे मूळ गव्हावरील तांबेऱ्याचा अभ्यास करण्यासाठी १९२५ साली उघडलेल्या प्रयोगशाळेत होते. ज्या रोगासाठी ती उघडली गेली त्या रोगाची मोठी साथ कॅनडाच्या गव्हाळ प्रदेशात १९५० च्या दशकानंतर आली नाही. साथ आली नाही हे त्या प्रयोगशाळेचे यश, आणि साथ येत नाही म्हणूनच तिच्यावरचा खर्च डोळ्यांवर येणार, अशी ही विलक्षण कोंडी आहे. ती समजून घ्यायची तर प्रेअरीवर गहू कसा आला येथपासून सुरुवात करावी लागते.

मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत पसरलेला हा गवताळ माळ आज जगाच्या धान्यबाजारात मोठे नाव आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गहू पिकेल की नाही याचीच शंका होती. १८७२ च्या कायद्याने कॅनडाच्या सरकारने दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली, १८८५ मध्ये रेल्वे पूर्ण झाली, आणि वसाहतवाल्यांचे लोंढे पश्चिमेकडे निघाले. सरकारी जाहिरातींत ही भूमी रिकामी होती. वस्तुतः ती क्री, ब्लॅकफूट आदी जमातींची होती. १८७१ ते १८७७ या काळातील करारांनी आणि रानगव्यांच्या संहाराने त्यांना राखीव क्षेत्रांत लोटले गेले होते. त्यांच्यापैकी जे शेतीकडे वळले त्यांनी यंत्रे न वापरता हाती अवजारांनीच शेती करावी, असे धोरण सरकारने १८८९ पासून काही वर्षे राबविले. शेजारचा गोरा शेतकरी कापणीयंत्र वापरीत असताना! प्रेअरीच्या गव्हाची यशोगाथा सांगताना हे पान सहसा उलटले जाते.

जमीन मिळाली, पण हंगाम अपुरा होता. वसंतात बर्फ वितळल्यावर पेरायचे आणि शरदातल्या पहिल्या हिमाच्या आत कापायचे, या दोहोंमध्ये धड चार महिनेही मिळत नसत. त्या काळचा नावाजलेला गहू म्हणजे ‘रेड फाइफ’. आँटारिओतील डेव्हिड फाइफ या शेतकऱ्याला ग्लासगोच्या मित्राकडून मूठभर बी मिळाले. ते डान्झिग बंदरातून आलेल्या जहाजातले होते असे सांगतात. १८४२ च्या सुमारास त्यातून टिकलेल्या एकाच रोपापासून हे वाण वाढले, आणि त्या रोपाच्या ओंब्या गाईच्या तोंडातून वाचविल्या गेल्या ही कथाही त्याला चिकटली आहे. कथेचे काहीही असो, रेड फाइफचे पीठ उत्तम होते आणि दळणारे त्याला चांगला भाव देत. दोष एकच. तो उशिरा पिके. ऑगस्टअखेर एका रात्रीत हिम पडले की दुधात आलेला दाणा सुरकुतून जाई आणि वर्षाची कमाई बुडे. आठवडाभर आधी पिकणारा आणि तितक्याच प्रतीचा गहू मिळाला तर लक्षावधी एकर जमीन लागवडीस योग्य ठरणार होती.

हे काम कोणत्याही व्यापाऱ्याने केले नाही. १८८६ मध्ये कॅनडाच्या संसदेने प्रायोगिक शेतांचा कायदा केला आणि ओटाव्याचे मध्यवर्ती शेत व चार प्रादेशिक शेते उघडली; त्यांपैकी ब्रँडन व इंडियन हेड ही दोन प्रेअरीवर होती. पहिले संचालक विल्यम साँडर्स हे पेशाने औषधविक्रेते होते. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी निरनिराळ्या देशांतून लवकर पिकणारे गहू मागवून त्यांचा रेड फाइफशी संकर करण्याचा सपाटा लावला. या मागविलेल्या वाणांत एक गहू भारतातून आलेला होता, ‘हार्ड रेड कलकत्ता’. कलकत्ता हे गाव या गव्हाच्या शेताचे नव्हे. ते बंदराचे नाव आहे. उत्तर भारताच्या मैदानात पिकलेला तांबडा, कठीण दाण्याचा गहू तेथून जहाजात चढे आणि बाजारात बंदराच्या नावाने ओळखला जाई. ज्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके हा गहू निवडून जपला त्यांचे नाव कुठल्याच नोंदीत नाही. उन्हाळा सुरू होण्याआधी पिकून मोकळे व्हायचे, ही हिंदुस्थानी गव्हाची सवय. तिकडे उष्णतेपासून पळण्यासाठी असलेला हा गुण इकडे हिमापासून पळण्यासाठी उपयोगी पडला.

हा संकर १८९२ मध्ये झाला. पण तो वर्षानुवर्षे मिसळलेल्या स्वरूपातच पडून होता. १९०३ मध्ये विल्यम साँडर्स यांचे चिरंजीव चार्ल्स ओटाव्याच्या कामावर रुजू झाले. रसायनशास्त्राचे डॉक्टर असलेले हे गृहस्थ मनाने संगीताकडे ओढलेले होते. काही काळ त्यांनी गायन शिकविण्यावर उदरनिर्वाह केला होता. त्यांनी मिसळलेल्या संकरातून एकेक ओंबी वेगळी केली, तिचे दाणे वेगळे पेरले आणि प्रत्येक वंशाची स्वतंत्र पारख सुरू केली. पाव भाजून पाहण्याइतके पीठ सुरुवातीस नसे. म्हणून दाणे तोंडात घालून चावायचे आणि उरणारा चिकट गोळा किती लवचीक आहे ते पाहायचे, ही त्यांची कसोटी! या चावण्यातून जो वंश पसंतीस उतरला त्याचे नाव ‘मार्क्विस’. १९०७ मध्ये तो इंडियन हेड येथे चाचणीस गेला आणि १९०९ मध्ये शेतकऱ्यांना वाटण्यात आला. तो रेड फाइफहून सुमारे आठवडाभर आधी पिके, उत्पन्न अधिक देई आणि पावाच्या बाबतीतही कमी पडत नसे. १९११ मध्ये सस्कॅचेवानमधील रॉस्थर्नच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उत्कृष्ट गव्हासाठी ठेवलेले हजार डॉलरचे सोने याच वाणावर जिंकले. १९२० पर्यंत पश्चिम कॅनडातील गव्हाखालच्या क्षेत्रापैकी सुमारे नऊ दशांश क्षेत्र मार्क्विसने व्यापले होते.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. मार्क्विसचा प्रसार इतक्या झपाट्याने का झाला? गहू हे स्वपरागित पीक आहे. त्याचे बी पुन्हा पेरले की तसाच गहू उगवतो. एका शेतकऱ्याला पोतेभर बी मिळाले की दोन-तीन हंगामांत तो साऱ्या गावाला बी पुरवू शकतो आणि मूळ निर्मात्याला त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. समाजाच्या दृष्टीने याहून चांगली वस्तू नाही. विक्रेत्याच्या दृष्टीने याहून वाईट वस्तू नाही. ज्या मालाचे गिऱ्हाईक एकदाच येते आणि मग स्वतःच तुमचा प्रतिस्पर्धी होते, त्यात भांडवल कोण घालील? म्हणून हे काम सरकारच्या अंगावर आले. चार्ल्स साँडर्स यांना मार्क्विसबद्दल पगारापलीकडे काही मिळाले नाही. १९२२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते तुटपुंज्या वेतनावर पॅरिसला जाऊन फ्रेंच साहित्याचा अभ्यास करीत राहिले. पुढे त्यांचे निवृत्तिवेतन वाढविण्यात आले आणि १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तीन वर्षांनी ते वारले.

परंतु मार्क्विसचा विजय पुरता साजरा होण्याआधीच त्याचे वैगुण्य उघडे पडले. १९१६ च्या उन्हाळ्यात खोडावरील तांबेऱ्याने प्रेअरीवर धाड घातली. या बुरशीचे बीजाणू कॅनडाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात तग धरीत नाहीत. ते टेक्सास आणि मेक्सिकोकडच्या गव्हावर हिवाळा काढतात आणि वसंतातल्या दक्षिणेच्या वाऱ्यावर स्वार होऊन, वाटेतल्या पिकांवर वाढत वाढत, उत्तरेला पोहोचतात. (आपल्याकडे आग्र्याचे डॉ. के. सी. मेहता यांनी पुढे हेच कोडे सोडविले: मैदानातल्या उन्हाळ्यात मरणारा तांबेरा डोंगरांवरील गव्हावर टिकतो आणि तेथून पुन्हा खाली उतरतो.) १९१६ मध्ये पश्चिम कॅनडात सुमारे दहा कोटी बुशेल गहू, म्हणजे जवळजवळ २७ लाख टन, या रोगाने खाल्ला. महायुद्धाच्या ऐन मध्यावर हा घाला पडला. जिकडे पाहावे तिकडे एकच वाण असल्याने बुरशीला कोठे अडथळाच नव्हता. ज्या गुणामुळे मार्क्विस फुकट आणि भराभर पसरला, त्याच गुणाने साऱ्या मुलखाला एकाच रोगाच्या दारात नेऊन उभे केले.

विनिपेगची प्रयोगशाळा या आपत्तीतून निघाली. तेथे मार्गारेट न्यूटन या संशोधिकेने केलेले काम तांबेऱ्याच्या शास्त्रात पायाभूत मानले जाते. कृषिशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणारी ही पहिली कॅनेडियन स्त्री. तांबेरा ही एक बुरशी नसून तिचे अनेक वंश आहेत, आणि जो गहू एका वंशाला दाद देत नाही तोच दुसऱ्यापुढे लोटांगण घालतो, ही गोष्ट त्या काळी नुकतीच उमगत होती. न्यूटन यांनी कॅनडातील हे वंश वर्षानुवर्षे गोळा केले, ओळखले, त्यांची नोंद ठेवली. बीजाणूंची धूळ सतत छातीत गेल्याने त्यांची फुप्फुसे बिघडली आणि १९४५ मध्ये त्यांना वेळेआधी निवृत्त व्हावे लागले. त्यांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळावे म्हणून सरकारकडे गाऱ्हाणे नेले ते प्रेअरीच्या गहू उत्पादकांनी. शास्त्रज्ञाच्या पेन्शनीसाठी शेतकरी अर्ज करतात, ही घटना दुर्मीळ खरी.

तांबेऱ्याचे वंश ओळखण्याची रीत सोपी पण चतुर आहे. निवडक बारा गव्हांवर नमुना टोचायचा आणि कोणता गहू आजारी पडतो, कोणता तगतो ते पाहून वंश ठरवायचा. अमेरिकेतील स्टॅकमन यांनी रूढ केलेल्या या बारांच्या पंक्तीत मार्क्विस होता, आणि त्याच्या जोडीला बसला होता ‘खपली’. होय, महाराष्ट्र-कर्नाटकात पुरणपोळीसाठी आणि खिरीसाठी वाखाणला जाणारा तोच खपली गहू, त्याच मराठी नावाने! विनिपेगच्या काचघरात कोवळ्या खपलीच्या रोपांवर तांबेरा टोचला जाई, आणि बहुतेक वंशांपुढे खपली ताठ उभा राही. या ताठपणामागचा एक जनुक पुढे ‘एसआर-१३’ या नावाने ओळखला गेला.

वंश ओळखणे हे अर्धे काम. त्यांना तोंड देणारा गहू घडविणे हे उरलेले. अमेरिकेतील मिनेसोटा येथे तयार झालेल्या ‘थॅचर’ने १९३५ च्या साथीनंतर मार्क्विसची जागा घेतली. तेवढ्यात १९५० मध्ये ‘१५-बी’ नावाचा वंश बळावला आणि थॅचरही त्यापुढे हतबल झाला. १९५४ ची साथ पुन्हा प्रचंड होती. परंतु या वेळी फरक होता. विनिपेगच्या शास्त्रज्ञांनी धोका आधीच ओळखून प्रतिकारक वाणावर काम चालविले होते, आणि ‘सेलकर्क’ हे वाण तयार होते. दोन-तीन वर्षांत ते शेतांवर पसरले आणि पुढे साथ ओसरली ती ओसरलीच. त्यानंतरच्या प्रत्येक नव्या वाणाला तांबेऱ्याच्या कसोटीतून जावे लागले.

या कामाचा हिशेब कसा मांडायचा? हेक्टरी उत्पन्न दोन क्विंटलने वाढले तर त्याचा आलेख काढता येतो, मंत्र्याला भाषणात सांगता येते. पण बुरशी बदलत असते. वाण जागच्या जागी राहिले तर उत्पन्न घसरते. म्हणजे पैदासकाराच्या श्रमांचा मोठा वाटा उत्पन्न वाढविण्यात नव्हे, तर ते घसरू न देण्यात खर्च होतो. घराच्या छपराची डागडुजी दर पावसाळ्याआधी करावी तसे हे आहे. घर गळले नाही म्हणून कोणी गवंड्याचे कौतुक करीत नाही. उलट गळत नसताना डागडुजी कशाला, असा सवाल येतो. वार्षिक अंदाजपत्रक मांडणाऱ्याला पन्नास वर्षांची शांतता हा पुरावा वाटतो तो खर्च कमी करण्याचा. हा तर्क अडाण्याचा नव्हे, सुशिक्षितांचा आहे, म्हणूनच तो अधिक धोक्याचा.

याच मुद्द्याचे अगदी अलीकडचे एक उदाहरण प्रेअरीवरच सापडते. १९८३ पासून सस्कॅचेवानमध्ये नारिंगी रंगाची, चिलटाएवढी एक माशी गव्हाच्या ओंबीत अंडी घालून दाणे नासवू लागली. तिला तोंड देणारा एकच जनुक पैदासकारांना सापडला. हा एकच जनुक असलेला गहू सर्वत्र पेरला तर त्याला न जुमानणाऱ्या माश्या काही वर्षांत शिल्लक राहतील, हे मार्क्विसच्या अनुभवाने शिकविले होते. म्हणून २०१० पासून हे बियाणे देताना त्यात दहा टक्के गहू मुद्दाम माशीला बळी पडणारा मिसळण्यात आला. साध्या माश्या त्यावर जगाव्यात, वाढाव्यात आणि चिवट माश्यांचा वंश त्यांच्यात विरून जावा, ही योजना. घरचे बी पिढ्यान्पिढ्या पेरले तर हे प्रमाण बिघडते. म्हणून प्रमाणित बियाण्यानंतर घरचे बी एकच पिढी वापरीन, असा करार शेतकऱ्याने करायचा असतो. आपल्या पिकातला थोडा भाग किडीला मुकाट्याने द्यायचा आणि घरच्या बियाण्यावरचा हक्क स्वेच्छेने आवरायचा, ते साऱ्यांच्या समाईक लाभासाठी. एकट्याने करार मोडला तर त्याचा तोटा होत नाही. सगळ्यांनी मोडला तर सगळ्यांचा होतो. गावाच्या सामाईक तळ्याचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

खाजगी भांडवल प्रेअरीवर आले नाही असे मात्र नाही. ते आले कनोलाच्या शेतात. मोहरीच्या कुळातील या तेलबियाचे मूळ काम सरकारी व विद्यापीठीय शास्त्रज्ञांचेच. मॅनिटोबा विद्यापीठातील बाल्डुर स्टेफान्सन यांचे ‘टॉवर’ हे वाण १९७४ मधले. परंतु संकरित बियाणे आले, १९९० च्या दशकाच्या मध्यास जनुकीय बदल केलेली वाणे आली, आणि दरवर्षी नवे बी विकत घेणे भाग पडू लागले, तेव्हा कंपन्यांचे पैसे तिकडे वाहिले. गव्हाच्या बाबतीत मॉन्सँटोने तणनाशकाला दाद न देणारे वाण तयार केले होते. पण परदेशी गिऱ्हाइके नाके मुरडतील या भीतीने गहू मंडळ आणि शेतकरी विरोधात गेले आणि २००४ मध्ये कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. मसुराचीही गोष्ट बोलकी आहे. १९७० पूर्वी सस्कॅचेवानमध्ये मसूर नावालाही नव्हती म्हटले तरी चालेल. तेथील विद्यापीठाच्या पीक विकास केंद्राने १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे वाण दिले, आणि काही दशकांत कॅनडा जगाला मसूर पुरविणारा अग्रगण्य देश झाला. आपल्या किराणा दुकानातल्या मसुरीच्या पोत्यात त्या विद्यापीठाचा वाटा असू शकतो. ज्या पिकाची बाजारपेठच अस्तित्वात नाही त्यासाठी दहा वर्षे पगार देत राहण्याचे धाडस कोणत्या कंपनीने केले असते?

गव्हाचा खर्च भागविण्यासाठी १९९० नंतर वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या गेल्या. १९९० मध्ये पैदासकारांच्या हक्कांचा कायदा झाला. १९९३ पासून पश्चिम कॅनडातील शेतकऱ्यांच्या गहू-विक्रीतून संशोधनासाठी अल्प कपात होऊ लागली आणि ती रक्कम शेतकऱ्यांच्याच संस्थेमार्फत पैदासकारांकडे जाऊ लागली. २०१२ मधील एका अभ्यासाने असे दाखविले की या कपातीतून गव्हावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे शेतकऱ्यांना सुमारे वीस डॉलरचा लाभ झाला. व्यवहारी माणूस अशा आकड्यावर आनंदित होईल. अर्थशास्त्री मात्र चपापतो. एका डॉलरचे वीस होत असतील तर याचा अर्थ एवढाच की गुंतवणूक फार अपुरी आहे. आणि ज्या वर्षी हा आकडा प्रसिद्ध झाला त्याच वर्षी विनिपेगचे केंद्र बंद करण्याचे ठरले, त्याच वर्षी गहू मंडळाची मक्तेदारी संपली!

दरम्यान तांबेरा स्वस्थ बसलेला नव्हता. १९९८ मध्ये युगांडात एक नवा वंश आढळला. पुढे ‘यूजी-९९’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या वंशाने जगभर भरवशाचा मानलेला एक प्रतिकारक जनुक निकामी केला. २००७ पर्यंत तो इराणात पोहोचल्याचे स्पष्ट झाले. तो उत्तर अमेरिकेत पोहोचला नसला तरी त्याला तोंड देणारे जनुक कोणते याचा शोध आधीच सुरू झाला, आणि त्यात खपलीचा तो ‘एसआर-१३’ उपयोगी ठरणाऱ्यांपैकी निघाला. उत्तर अमेरिकेतील अनेक डुरम वाणांत तो आहे. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी तो वेगळा करून त्याची रचना उलगडली.

२०१५ मध्ये कॅनडाने पैदासकारांचे हक्क आणखी बळकट केले, आणि २०१८ च्या अखेरीस सरकारने शेतकऱ्यांपुढे दोन पर्याय मांडले: एक तर धान्य विकताना दर टनामागे पैदासकाराला रॉयल्टी द्यावी, किंवा घरचे बी पेरण्यासाठी त्याच्याशी करार करून रक्कम द्यावी. प्रेअरीवरील सभांतून यावर कडाक्याचे वाद झाले. आम्ही करातून पैसे दिले, कपातीतूनही दिले, आता तिसऱ्यांदा का, हा अनेक शेतकऱ्यांचा सवाल होता. आणि पैसे दिले नाहीत तर नवी वाणे येणार कोठून, हे पैदासकारांचे उत्तर. त्या चर्चेतून सक्तीची कोणतीही पद्धत लगेच लागू झाली नाही. दोन्ही पर्यायांत रक्कम मोजली जाते ती वाणावर, म्हणजे जे वाण अधिक पेरले जाईल त्याच्या धन्याला अधिक. दर उन्हाळ्यात मॅनिटोबा आणि सस्कॅचेवानच्या शेतांतून तांबेऱ्याचे नमुने गोळा करायचे, ते काचघरात रोपांवर टोचायचे आणि नवा वंश आला की नाही ते पाहायचे, हे काम कोणतेच वाण नव्हे. त्यावर रॉयल्टी आकारायची तर ती कोणत्या टनावर, याचा पत्ता दोन्ही पर्यायांत लागत नाही.